बहमनी सुलतान गियासुद्दीनची सत्ता दोन महिन्यांतच का गेली?

थोडक्यात सांगायचं तर, दरबारातल्या एका वजनदार गुलामाला नको त्या वेळी ‘नाही’ म्हटलं म्हणून.

दुर्गादेवीच्या दुष्काळाचं नाव आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तो ज्याच्या काळात सुरू झाला, तो दुसरा मुहम्मदशाह एप्रिल 1397 मध्ये वारला आणि गुलबर्ग्याच्या गादीवर त्याचा मुलगा गियासुद्दीन बसला. वय जेमतेम सतरा. दरबारात तघलचीन नावाचा तुर्की गुलाम मोठ्या पदासाठी टपलेला होता. पोराने ते पद द्यायला साफ नकार दिला. खानदानी सरदारांच्या डोक्यावर गुलाम बसवणार नाही, असा त्याचा बाणा. तत्त्व काहीही असो, हाताशी फौज नसताना हे बोलणं महागात पडणारच होतं.

इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तघलचीनने आपल्या मुलीचं आमिष दाखवून त्याला मेजवानीला बोलावलं आणि तिथेच त्याचे डोळे काढले. मग धाकटा सावत्र भाऊ शम्सुद्दीन गादीवर आला, अर्थात नावापुरता. सगळा कारभार तघलचीनच्या हाती.

पण गियासुद्दीनच्या बहिणी फिरोज आणि अहमद या चुलतभावांना दिल्या होत्या, आणि त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्यांना सूड घ्यायला लावलं. नोव्हेंबर 1397 मध्ये फिरोज सुलतान झाला. त्याने आंधळ्या मेहुण्याच्या हातात तलवार दिली आणि तघलचीनला त्याच्यापुढे बसवलं. एका घावात काम झालं म्हणतात. पुढे गियासुद्दीन मक्केला निघून गेला.