उतार हवा, पण स्कूटर चढवायचा नको

प्रश्न : ताई, सिडकोत तळमजल्यावर माझी छोटी जिम आहे. कॉलनीतला एक मुलगा अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे. मणक्याची इजा डी-१० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याला, हात दणकट. त्याला यायचंय, पण दाराशी तीन पायऱ्या आहेत. पोरं म्हणतात, उचलून आत घेऊ. काही झालं तर गळ्याशी माझ्याच येईल. काय करू?
– एक जिमचालक, नाशिक

उत्तर : घ्या त्याला, पण उचलून नको. पोरं ज्या दिवशी दांडी मारतील, त्या दिवशी त्याचाही व्यायाम बुडेल.

गवंड्याला नुसतं 'उतार कर' म्हणालात, तर बंगल्यापुढे स्कूटर चढवायला करतात तसला करून मोकळा होईल. त्यावर खुर्ची मागे उलटते. प्रमाण एकास बारा. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट धरा, उतार १८ फूट लागेल. समोर जागा नसेल तर भिंतीलगत वळवा, वळणावर पाच फूट सपाट सोडा. दोन्हीकडे कठडा, वर खरखरीत फरशी. ग्रॅनाइट पावसात घात करतं.

आत नवी मशीन नकोत. केबल मशीनसमोरचं बाक सरकतं करा, तिथे खुर्ची लागेल. वरून ओढताना ब्रेक लावूनही ती कलंडू शकते, तेव्हा मागे माणूस हवाच. दिवसभर चाकं ढकलून खांदे पुढे येतात, म्हणून वजन पुढे ढकलायच्या बेंच प्रेसपेक्षा वजन मागे ओढायचं रोइंग जास्त करवा. (ऐकणार नाही, या वयात सगळ्यांना छातीच हवी असते.)

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. दोन सेटच्या मध्ये डंबेल मांडीवर ठेवायची सवय लागते. तिथे संवेदना नाही. कातडी चेपली, सोलली तरी कळत नाही, आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. शेजारी स्टूल ठेवा. इजेच्या खाली घामही नीट येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालची जागा त्याची.

उद्या डी-६ किंवा त्याच्या वरची इजा असलेलं कुणी आलं आणि अचानक डोकं ठणकून चेहरा लाल झाला, तर रक्तदाब चढतोय असं समजा. आडवं करू नका. ताठ बसवा, पट्टे सैल करा, लघवीची नळी दुमडलीय का बघा आणि लगेच डॉक्टर गाठा.

जबाबदारीचं म्हणाल, तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम लिहून घ्या. 'नको' म्हणणं मात्र सोपं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेवा सुगम करण्याची जबाबदारी खासगी चालकांवरही आहे.

गवंड्याच्या आधी त्या मुलालाच बोलवा, टेप घेऊन. दार तीन फूट पुरेल का, शौचालयात खुर्ची वळते का, हे तो जागेवर दाखवेल.