शिरोधारा पंचकर्मातली का? आणि डोक्याचं 'शोधन' म्हणजे काय

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय, दवाखान्याच्या बोर्डावर 'अर्धशिशीवर पंचकर्म - शिरोधारा' लिहिलेलं असतं, तर शिरोधारा पंचकर्मात येते का, आणि डोक्याचं शोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात.

आधी अर्धशिशी. यातली शिशी बाटलीची नव्हे, अर्ध आणि शीर्ष मिळून झालेला शब्द आहे, अर्धं डोकं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार सुश्रुत, त्यानं डोक्याचे 11 रोग सांगितलेत त्यात हा अर्धावभेदक, आणि लक्षण वाचून मला फार नवल वाटतं, अर्धं डोकं फुटल्यासारखं ठणकतं, चक्कर येते आणि हे 15 दिवसांनी, 10 दिवसांनी किंवा अचानकच येतं, मायग्रेनवाल्या कुणालाही विचारा. उन्हं चढतील तसं डोकं चढतं आणि कलली की उतरतं तो सूर्यावर्त, वेगळा. आपल्याकडं दोन्हीला सरसकट अर्धशिशीच म्हणतात.

आता शोधन. म्हणजे दोष (बिघडलेले वात, पित्त, कफ) शरीराबाहेर काढून टाकणं. वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (गुदावाटे औषध देणं), नस्य (नाकात औषध सोडणं), रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं, म्हणजेच पंचकर्म (चरक या दुसऱ्या जुन्या ग्रंथकाराच्या यादीत रक्तमोक्षण नाही, तिथं बस्तीच दोन प्रकारची मोजलीय). शिरोधारेत कपाळावर तेलाची धार धरतात, बाहेर काहीच काढत नाहीत, वाग्भट या ग्रंथकारानं तिला मूर्धतैलात घातलंय, डोक्याला तेल लावण्याच्या प्रकारांत. त्यामुळं शिरोधारा चांगली वाटते, झोप लागते हे सगळं मान्य पण तिला पंचकर्म म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डोक्याचं खरं शोधन म्हणजे नस्य, त्यालाच शिरोविरेचन म्हणतात. वाग्भट म्हणतो 'नासा हि शिरसो द्वारम्', नाक म्हणजे डोक्याचं दार. थेंबाचंही माप दिलंय, तर्जनीची दोन पेरं तेलात बुडवून वर काढली की जो गळतो तो एक बिंदू. रोजच्या हलक्या नस्याला, म्हणजे प्रतिमर्शाला, असे 2 पुरतात, जास्त मात्रेच्या मर्श नस्याला 6, 8 किंवा 10. तो मर्श वैद्यांच्या हातूनच घ्या, आणि कधी नव्हे असं अचानक भयंकर डोकं दुखलं, बोलणं अडखळलं तर तेलबिल राहूदे, आधी मोठा दवाखाना गाठा.

एक आपल्या भागातलं सांगतो, सांगली जिल्ह्यातल्या जतकडं कानडी बोलणाऱ्या माणसाला नस्य म्हटलं की तपकीर वाटते, कानडीत तपकिरीला तोच शब्द आहे. तिथं 'नाकात औषध सोडायचंय' असंच सांगावं.