व्हॅनमधला ह

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी पत्रकार येणार म्हणून तुझी झोप उडालीय, असं तुझ्या आईकडून कळलं. येऊ दे त्याला. मिरज रस्त्यावर वडापवाल्यांच्या, म्हणजे सीटवर प्रवासी भरून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांच्या, शेजारी बसून त्यांच्या तोंडचे इंग्रजी शब्द तू टिपलेस, ते काय कपाटात ठेवायला?

फक्त अर्धं बोलून थांबू नकोस. मला ते एकदा भोवलंय. आपण इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' कसे उच्चारतो, यावर मी एका कार्यक्रमात बोललो. दुसऱ्या दिवशी मथळा: 'मराठी मुलांचं इंग्रजी अशुद्ध'! तो शब्द माझ्या तोंडचा नव्हता. पण मी 'फरक आहे' म्हणालो आणि कशापासून, ते सांगायचं राहिलं. ती जागा त्यांनी भरली. मग आठवडाभर पालकांचे फोन, क्लास कुठला लावू म्हणून.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. २००० साली उच्चारांचे अभ्यासक जोनाथन हॅरिंग्टन आणि सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथची नाताळची भाषणं घेतली, १९५०च्या दशकातली आणि १९८०च्या दशकातली, आणि त्यांतले स्वर मोजले. निबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. राणीचे स्वर दक्षिण इंग्लंडातल्या सर्वसाधारण बोलण्याकडे सरकले होते, पण तिथवर पोचले नव्हते. बातम्यांत मात्र राणी थेट सामान्यांसारखी बोलायला लागली! 'कडे' हा प्रत्यय मथळ्यात मावत नाही, दुसरं काय. तसंच अंटार्क्टिकाचं. तिथे हिवाळाभर एकत्र राहिलेल्या ११ जणांच्या उच्चारांत बारीकसा बदल दिसला, तोही यंत्रानं मोजल्यावर. त्यावर २०१९ साली निबंध आला, आणि बातम्यांत 'अंटार्क्टिकाचा नवा ॲक्सेंट' जन्माला आला.

म्हणून माणसं किती, हे पहिल्या वाक्यातच सांग. तुझी चोवीस आहेत. चोवीस म्हणायला लाजू नकोस. 'सांगलीकर' म्हणायला मात्र लाज.

मग ती व्हॅनची गंमत सांग. इंग्रजी 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर घासतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू होतो. आपला व या दोन्हींत बसत नाही. म्हणून 'व्ही' लिहिताना आपण ह जोडला: व्हॅन, व्हिडिओ, आणि वॉर्ड, वायर मात्र साध्या व-नं. (व्हॉट्सॲपमधला ह स्पेलिंगमुळे घुसलाय, त्याला यात ओढू नकोस.) तुझा तो ड्रायव्हर 'व्हॅन' म्हणताना ह स्वच्छ काढतो आणि त्याच दमात 'गाडी सर्विसिंगला टाकलीय' म्हणताना तो गाळतो. शब्दाच्या सुरुवातीला ह टिकतो, मधे गळतो, हे तुझं खरं निरीक्षण. पत्रकाराला स्वतःलाच दोन्ही शब्द म्हणायला लाव, तोंडापुढे तळहात धरून. स्वतःचा ह सापडला की 'अशुद्ध' लिहायला त्याचा हात जरा अडखळेल.

तो रेकॉर्डिंग मागेलच. ड्रायव्हरनं आवाज अभ्यासासाठी दिलाय, पेपरच्या वेबसाइटवर वाजवायला नाही. तेव्हा आज संध्याकाळी शेवटची फेरी संपली की स्टँडवर जाऊन त्याला विचार. नको म्हणाला तर विषय संपला, तू स्वतः म्हणून दाखव.

तुझे
सर