बोटीची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर पाण्याच्या ड्रममध्ये छान चालते, धरणावर दम तोडते. इंजिन उघडावं का?

इतक्यात उघडू नका. तुम्ही लिहिलंय की सेकंडहॅण्ड घेतलेली १५ एचपीची दोन सिलिंडरची मोटर दोरी ओढली की लगेच सुरू होते, घरी ड्रममध्ये छान चालते, पण पानशेतला थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला की घुसमटते आणि बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा. रिंगा गेलेलं इंजिन सहसा इतक्या गुणाने सुरू होत नाही. मला तरी पेट्रोल कमी पडतंय असंच वाटतं.

ड्रममधल्या चालण्यावर फार विसंबू नका. तिथे बोट ढकलायची नसते, त्यामुळे इंजिन नावापुरतं पेट्रोल पितं. खरी मागणी वाढते ती लोडवर, आणि लाइनमधला दोष तेव्हाच बाहेर येतो.

म्हणून परीक्षा पाण्यातच घ्या. एकाने बोट चालवायची, दुसऱ्याने टाकीच्या नळीवरचा रबरी बल्ब हातात धरून बसायचं. मोटर घुसमटायला लागली की बल्ब भराभर दाबायचा. तिने लगेच उचल खाल्ली, तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडे आहे: फ्युएल पंपाचा पडदा, नळी, कनेक्टरची ओ-रिंग, नाहीतर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. हा स्क्रू उघडायचा राहून गेला म्हणून मोटरी दुरुस्तीला गेलेल्या आहेत, तेव्हा तो सगळ्यात आधी बघा. बल्ब दाबून फरक पडला नाही, पण चोक किंचित ओढल्यावर सुधारली, तर मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य बारीक भोक, तुंबलाय.

बल्ब चपटा होऊन तसाच राहत असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाहीये. नळी बाहेरून नवीकोरी दिसते म्हणून सोडू नका. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या नळीचं आतलं अस्तर फुगतं, सुटतं आणि ओढ वाढली की वाट अडवतं. त्याच इथेनॉलमुळे महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी उतरतं. कार्बोरेटरची वाटी खोलून काचेच्या पेल्यात ओता. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर टाकीही रिकामी करून पुसून घ्या. जेट साफ करताना सुई घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते.

हे सापडेपर्यंत मोटर फुल थ्रॉटलवर दामटू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, वर उष्णता जास्त. असंच चालवत राहिलात तर पिस्टन खरोखरच जाईल आणि मेकॅनिकचं भाकीत खरं ठरेल.

मेकॅनिकचं म्हणणं तपासायचंच असेल तर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावा. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, दोन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघायचा. तो साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर बोअरचा खर्च विसरा. त्याच वेळी प्लगही शेजारी ठेवून बघा. एक तपकिरी कोरडा आणि दुसरा काळा ओला असेल, तर दुसऱ्या सिलिंडरला करंट नीट मिळत नाहीये.

कार्बोरेटर आणि प्लगचं काम नाना पेठेच्या आसपासचा जुना आरएक्स किंवा चेतकवाला मिस्त्रीही करेल. अख्ख्या शहराने चेतक तिरकी करून किक मारलेली आहे, टू-स्ट्रोक पुण्याला नवीन नाही. फक्त तो स्कूटरचं टू-टी ऑइल सुचवेल, ते घालू नका. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं आउटबोर्डचं ऑइल लागतं. प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली.

कूलिंगच्या पाण्याची पिचकारी सुरू झाल्यावर लगेच दिसली पाहिजे. बारीक असेल तर आधी तिचं भोक तारेने मोकळं करा, तरी सुधारली नाही तर इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारा पंपातला रबरी पंखा, बदला. जुन्या मोटरीत मी तो न विचारता बदलतो, रबरच असतं ते. गिअर ऑइल दुधट निघालं तर खालचं सील गेलंय. पण त्याचा घुसमटण्याशी संबंध नाही, ते नंतर केलं तरी चालेल. आधी बल्ब दाबून काय होतं ते कळवा.