वाचकांचे प्रश्न : मूलपेशींचे संशोधन की ऊतिशास्त्राचे अध्यापन?

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले असून मुंबईतील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर ऊतिशास्त्राची (सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचा, म्हणजे पेशीसमूहांचा, अभ्यास) प्रात्यक्षिके घेते. मला मूलपेशींवर, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी तयार होतात अशा पेशींवर, पीएच.डी. करायची आहे. "शिकवण्यात वेळ घालवू नकोस, संशोधनात त्याला कोणी विचारत नाही," असे वरिष्ठ सांगतात. मला दोन्ही हवे आहे. हे शक्य आहे का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : शक्य आहे, आणि वरिष्ठांचा सल्ला मला पटत नाही.

लहान आतड्याची काचपट्टी तुम्ही विद्यार्थ्यांना नेहमी दाखवत असाल. ग्रंथींच्या तळाशी असलेल्या, ठसठशीत लाल कणांच्या पॅनेथ पेशी सर्वांना पटकन सापडतात. त्यांच्या मधल्या फटींत चेपून बसलेल्या अरुंद पेशींकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आतड्याचे अस्तर जेमतेम ३ ते ५ दिवसांत नवे होते आणि ते याच अरुंद पेशींपासून घडते, असे मॅकगिल विद्यापीठात ऊतिशास्त्र शिकवणारे शार्ल लब्लाँ आणि त्यांच्या सहकारी हेझल चेंग यांनी १९७४ साली मांडले. हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने एलजीआर-५ या जनुकाच्या खुणेवरून या पेशी मूलपेशीच आहेत हे दाखवले, ते २००७ साली. जनुकीय पुरावा हाती येण्याच्या कितीतरी आधी ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखली गेली होती, हे वरिष्ठांना अवश्य सांगा.

आजही हे काम नजरेवाचून होत नाही. एखादी मूलपेशी शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकते का, हे तपासण्याच्या एका प्रस्थापित पद्धतीत ती प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचतात आणि तयार झालेल्या गाठीचे छेद (अतिशय पातळ काप) रंगवून पाहतात. त्या गाठीत कूर्चा, आतड्याचे अस्तर आणि चेताऊती, म्हणजे भ्रूणाच्या सुरुवातीच्या तिन्ही थरांपासून बनणाऱ्या ऊती, ओळखाव्या लागतात. छेद तिरका गेला की नळी वर्तुळ न दिसता लांबट दिसते आणि एका थराचे अस्तर अनेक थरांचे भासते; वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या अशा चुका दुरुस्त करणारी व्यक्ती येथे फसत नाही.

आता मार्गाविषयी. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या काइंड-१ आणि काइंड-२ या सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींचे वाण) तयार झाल्या. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत त्वचेतील मूलपेशींवर काम झाले आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रयोगशाळेत मायक्रोटोम (ऊतीचे पातळ छेद कापणारे यंत्र) कोण चालवते, हे आवर्जून विचारा. छेद बाहेरून करून आणणाऱ्या प्रयोगशाळेत तुमचा हात आणि नजर, दोन्ही बोथट होतील.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयांत ऊतिशास्त्र शरीररचनाशास्त्र विभागात शिकवले जाते. तेथे डॉक्टर नसलेल्या शिक्षकाला त्याच विषयातील वैद्यकीय एम.एस्सी. आणि पीएच.डी. लागते, आणि अशा शिक्षकांच्या प्रमाणालाही मर्यादा असते. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या पदवीवर त्या वाटेची आशा धरू नका. सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) किंवा नेट उत्तीर्ण होऊन विज्ञान महाविद्यालय वा विद्यापीठाच्या विभागात जाणे तुमच्यासाठी अधिक खात्रीचे आहे. मूलपेशींनी वाटेल तो आजार बरा करण्याची जाहिरात करणाऱ्या खासगी केंद्रांतील नोकरी तर टाळाच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठी होणाऱ्या रक्तमूलपेशींच्या प्रत्यारोपणाखेरीज बाकी सारे वापर अजून चाचणीच्या टप्प्यात आहेत.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिके बंद ठेवा, कारण भ्रूणीय मूलपेशी ज्यात वाढवतात तो संवर्धन द्रव बहुधा रोज, रविवारीसुद्धा, बदलावा लागतो. दुसऱ्या वर्षापासून फेलोशिपच्या नियमांत बसेल तेवढे अध्यापन करण्याची मुभा मार्गदर्शकांकडून प्रवेशाच्या वेळीच मागून घ्या.