कुलूप लावून गावी गेल्याने ढेकूण मरत नाहीत

ताई, तुमच्या दिरांचं म्हणणं मी आजवर बऱ्याच जणांकडून ऐकलंय. तीनदा फवारणी झाली तरी ढेकूण आहेतच, आता कंपनी म्हणते हीट ट्रीटमेंट करा, म्हणजे मोठे हीटर लावून खोलीच तापवा, आणि दीर म्हणतात पैसे कशाला घालवता, मे महिन्यात फ्लॅट बंद करून आठवडाभर गावी चला, जळगावच्या उन्हात आपोआप मरतील. मी भुसावळचा आहे, आमच्या उन्हाचा मलाही अभिमान आहे. पण हा हिशेब जुळत नाही.

पेपरात ४५ अंश छापून येतात ते सावलीतल्या हवेचे, तेही दुपारचे दोन-तीन तास. बंद फ्लॅटमधल्या पलंगाच्या सांध्यात तेवढं तापत नाही, आणि रात्री आहे तेही उतरतं. ढेकणाला ४५ अंश सलग दीड तास मिळाले तर तो मरतो. ४८ अंशांवर वीसेक मिनिटांत जातो. अंडी मात्र ४८ वर दीड तास काढतात. म्हणून हीट ट्रीटमेंटवाले खोलीची हवा ५५ ते ६० पर्यंत नेतात आणि काही तास तिथेच धरून ठेवतात. राहिलं गावी जाणं. ढेकूण उपाशीपोटी महिनोनमहिने काढतो. तुम्ही परत याल तेव्हा तो फक्त जास्त भुकेला असेल.

आपल्याकडे बायका बाज अंगणात आडवी टाकून आपटायच्या आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या, ते बरोबरच होतं. पाणी उकळतं होतं आणि बाजेला चार पाय, चार दांड्या नि सुतळी, लपायला एवढीच जागा. तुमचा बॉक्सचा पलंग, त्याची प्लायवूडची पाठ, स्विचबोर्डाचे डबे, पडद्याचा पाइप, या सगळ्यांत पाणी कुठून ओतणार?

मी इलेक्ट्रिकल कामं घेतो. माझ्या घरात ढेकूण आले पोराच्या हॉस्टेलच्या ट्रंकेतून. तेव्हा हीट करून घेतली, आणि नंतर दोन-तीन लॉजवाल्यांनी लोडची सोय करायला मला बोलावलं, त्यामुळे हे काम जवळून पाहिलंय. माझ्याकडे पहिल्यांदा आलेले लोक दोन तासांत हीटर गुंडाळून गेले. भिंतीवरच्या मीटरवर ५८ दिसले, झालं काम. बाराव्या दिवशी गादीच्या शिवणीवर तिळाएवढी पांढरट पिल्लं. अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणजे अंडी मेलीच नव्हती.

दुसऱ्यांदा दुसरे लोक आले. त्यांच्यातल्या एका पोराने आमच्या कापसाच्या गादीची शिवण दोन बोटं उसवली आणि सेन्सरची तार थेट मधोमध खुपसली. दोन तासांनी खोलीत ५७ आणि गादीच्या पोटात ३९! पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली जाड गादी, आपल्याच भागातला कापूस. थंडीत जी ऊब धरते तीच गादी बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. त्यांनी गादी भिंतीला उभी केली, पंख्याचा झोत दोन्ही बाजूंनी फिरवला, तेव्हा कुठे आणखी तीन-साडेतीन तासांनी आत ५२ झाले. त्यानंतर त्यांनी दीड तास मोजायला सुरुवात केली. सकाळी नऊला आलेले, संध्याकाळी सहाला गेले.

म्हणून तुमच्या कंपनीला एकच प्रश्न नीट विचारा: सेन्सर किती आणि कुठे लावणार? खोलीचं तापमान मला सांगू नका, गादीच्या आतलं, पलंगाखालच्या कोपऱ्यातल्या फरशीजवळचं आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागचं सांगा. सगळ्यात थंड सेन्सर ५० च्या वर गेल्यावर वेळ मोजणार असतील तर त्यांना बोलवा. "मॅडम, दोन तासांत होऊन जाईल" म्हणाले तर चहा पाजून वाटेला लावा.

आता माझ्या धंद्याचं. एका खोलीच्या हीटरांचाही लोड घरच्या मीटरला झेपत नाही. २० किलोवॉटचा संच थ्री-फेजवर दर फेजला २८ अँपिअरच्या आसपास ओढतो. तुमच्या फ्लॅटला सिंगल फेज असणार. म्हणजे एक तर सोसायटीच्या थ्री-फेजवरून वेगळी केबल, नाही तर त्यांचा जनरेटर. घरच्या सॉकेटला हीटर लावू देऊ नका. भिंतीतली साधी पीव्हीसी वायर ७० अंशांची असते; खोलीच ५५-६० वर गेली की तिची लोड घ्यायची ताकद जवळजवळ निम्मी होते. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की वीज तोडणारा स्विच, तोही तापला की लवकर पडतो. घरातला मेन बंद, हीटर नि पंखे वेगळ्या केबलवर, असंच काम व्हायला हवं. दोन हजार वॉटचा रूम हीटर आणून स्वतः करायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर आजच काढून टाका. खोली हळूहळू तापते, ढेकूण भिंतीतल्या वायरच्या पाइपातून शेजारी सरकतात, आणि आग लागायची भीती वेगळीच. शेजाऱ्यांना आधी सांगा, त्यांच्याही गाद्या बघायला लावा. लाजायचं काम नाही, ढेकूण घाणीने येत नाहीत, सामानाबरोबर येतात.

टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर प्लग काढून ठेवले की बहुधा काही होत नाही. घराबाहेर न्यायचं ते गॅस सिलिंडर, डिओ आणि हिट या कीटकनाशकाच्या स्प्रेचे डबे, लायटर, काडेपेट्या, पॉवर बँक, औषधं (इन्सुलिन तर नक्कीच), मेणबत्त्या, कुंड्या, माशांची टाकी. पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग असेल तर आधी दाखवा, ते लोंबू शकतं. माझ्याकडे एका कपाटाच्या सनमायकाची पट्टी सुटली, फेव्हिकॉलने परत बसवली. कपडे नि पांघरुणं मात्र बाहेर काढून मावशीकडे ठेवू नका, ढेकूण त्यांच्यासोबत जातील आणि पाहुणचार घेऊन परत येतील. कपाटं उघडी, ड्रॉवर अर्धे बाहेर, कपडे सैल पसरून घरातच ठेवा.

एक गोष्ट कंपनी सांगणार नाही. गरमीचा असर हीटर बंद झाला की संपतो. उद्या एखाद्या बॅगेतून गाभण मादी आली तर पुन्हा पहिल्यापासून. पलंगाचे पाय भिंतीपासून दूर, चादर जमिनीला न लागणारी, आणि पायांखाली स्टीलच्या वाट्यांत पाणी. कोरडी वाटी आपल्याकडे नीट चालत नाही. भारतात जी ढेकणाची जात जास्त सापडते तिला गुळगुळीत भिंतही बऱ्यापैकी चढता येते. हीट केल्यानंतर दहाव्या आणि एकविसाव्या दिवशी टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी बघा. काळा ठिपका दिसला तर ओल्या कापसाने पुसा, तांबूस पसरला तर तो ढेकणाचाच.

आणि हे जरा कडक सांगतो. धान्यात टाकायच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, कुणी "ठेवून बघा" म्हटलं तर त्या माणसाला घरात घेऊ नका. त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्यांनी घरंच्या घरं झोपेत गेली आहेत. कपाशीवरचं औषध पंपाने घरात मारणंही तसंच.

दिरांच्या उन्हाचा उपयोग एवढाच करा: पातळ कपडे, चादरी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल भरून, तोंड बांधून गच्चीवर दुपारी ठेवा, आणि मधल्या कपड्यात थर्मामीटर घाला. ५० च्या वर दीड तास टिकलं तर चांगलं. गादीला हा उपाय लागू नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

तुमच्या सोसायटीत लिफ्ट आहे का, आणि मीटर रूमपासून तुमचा मजला किती लांब, ते कळवा. केबल किती लागेल ते मी सांगतो, म्हणजे कंपनीवाले त्यात तुम्हाला गंडवणार नाहीत.