मेलबर्नला येताना मुलीच्या फूटीविषयी

आपण पुढच्या वर्षी नाशिकहून मेलबर्नला येणार आहात, आणि बारा वर्षांची आपली कबड्डी खेळणारी मुलगी येथे ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे फूटीमध्ये, व्यावसायिक खेळाडू होऊ शकेल का, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि घरभाडे यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती येथे पुन्हा देत नाही. माझी मुलगी साधारण त्याच वयात येथे आली आणि अजून खेळते, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ साली ८ संघांनिशी सुरू झाली, तेव्हा सर्वांत खालच्या श्रेणीतील खेळाडूला पूर्ण हंगामाचे सुमारे ८,५०० डॉलर मिळत. आता १८ संघ आहेत आणि २०२३ च्या करारानुसार सरासरी मानधन २०२७ पर्यंत ८२,००० डॉलरवर जायचे आहे. सरासरी हा शब्द मात्र जपून वाचावा, कारण अनेक खेळाडू अजूनही नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात.

कबड्डीचा उपयोग होतो, पण अर्धाच. आपल्याकडे घोटा पकडणे हे कसब मानले जाते. येथे गुडघ्याखाली धरले की पंचांची शिट्टी वाजते आणि प्रतिपक्षाला फ्री किक मिळते. खांद्याखाली आणि गुडघ्यावर, एवढ्याच पट्ट्यात पकड करायची, ही सवय लागायला माझ्या मुलीला एक अख्खा हिवाळा लागला.

दुखापतीबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहितो. महिला लीगच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात ॲडलेड ओव्हल मैदानावर ५३ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ॲडलेड संघाच्या एरिन फिलिप्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. ती सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि पुढे परतलीही. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात, पण मला त्यातला गुडघाच आठवतो. माझी मुलगी अठरा वर्षांखालील प्रादेशिक संघाच्या निवडीतून गळली, तेव्हा तिच्या रडण्याने मी कळवळलो आणि त्याच वेळी मनातून सुटल्यासारखेही वाटले. हे मी तिला आजवर सांगितलेले नाही, सांगावे की नाही हेही ठरत नाही.

शाळेचा राग मात्र अजून गेलेला नाही. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला, घरी मराठी बोलतात एवढ्यावरून, कोणतीही चाचणी न घेता इंग्रजीच्या पूरक वर्गात बसवले, आणि तो तास नेमका खेळाच्या तासावर आला. शाळेच्या संघात ती वर्षभर नव्हती. मी पत्रे लिहिली, उत्तरे अत्यंत सौजन्यपूर्ण आली. आपण प्रवेशाच्या दिवशीच लेखी चाचणी मागा.

एकटेपणा येतो आणि जातो. क्लबात मध्यंतरासाठी संत्री कापायला किंवा मैदानावर पाणी न्यायला पालक लागतातच. ते काम घ्या, ओळखी होतात.

आणि महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलीचे नाव आहे ना, हे आजच पाहा. आमच्या दाखल्यावर ती जागा कोरी होती, आणि वयोगटाच्या नोंदणीसाठी लागणारा तो कागद नाव चढवून येईपर्यंत क्लबाचा हंगाम सुरू होऊन गेला होता.